हिच्यासाठी घेतलेली रॅकेट

बॅडमिंटनच्या रॅकेटमधलं मला फार कळतं, असा एके काळी जव्हारमध्ये समज होता. तो मीच पसरवला होता. कोणाचा मेहुणा मुंबईहून नवी रॅकेट घेऊन आला की ती आधी माझ्याकडे तपासायला येई. मी ती बोटावर आडवी तोलून बघायचो, जाळीवर नखाने टिचकी मारून कानाशी धरायचो, डोळे बारीक करायचो आणि मग काहीतरी वजनदार बोलायचो. समोरचा मान हलवायचा. तेवढ्यात माझी बायको चहा घेऊन बाहेर यायची आणि मला विचारायची, "काय म्हणतेय? बाळ-बाळंतीण सुखरूप?"

माझं शास्त्र तसं साधं होतं. तोंडाशी जड असलेली रॅकेट मारणाऱ्याची. मुठीशी जड असलेली रॅकेट वाचवणाऱ्याची, कारण ती चटकन फिरते. मी पहिल्या जातीतला. फूल वर दिसलं की हाणायचं, मग ते रेषेच्या आत पडो की कचेरीच्या कौलांवर. आमच्याकडे शटलला फूलच म्हणत. तिसरी जात दुर्मिळ, ती अष्टपैलू खेळाडूंची. ही माणसं मागून मारतात, पुढे येऊन जाळ्यावरून अलगद टाकतात, अंगावर आलेलं परतवतात आणि यातलं पुढचं काय करणार ते चेहऱ्यावर दिसू देत नाहीत. त्यांना बरोबर मधोमध तोल असलेली रॅकेट लागते. पण अशी रॅकेट म्हणजे अबोल सासू, ती कशातच आपणहून मदत करत नाही. जे काय करायचं ते हातानेच करावं लागतं. म्हणून ती कच्च्या खेळाडूने घेऊ नये, असं मी सगळ्यांना बजावत असे. आमच्या गावात तसा पक्का अष्टपैलू खेळाडू एकच होता, आणि तो चहा घेऊन बाहेर यायचा.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी बांधकाम खात्यात ओव्हरसियर होतो. मोखाड्याकडचे रस्ते माझ्याकडे होते; म्हणजे उन्हाळ्यात ते करायचे आणि पावसाळ्यात ते वाहून गेलेले बघायचे. ती मुलींच्या शाळेत शिकवायची. नाशिकला शिक्षिकेचा कोर्स करताना ती खेळायला शिकली होती. लग्न ठरताना तिच्या वडिलांनी स्वयंपाक येतो, शिवण येतं, भजनं येतात, सगळं सांगितलं, हे मात्र सांगितलं नाही. घाबरले असतील. लग्नानंतर पहिल्या हिवाळ्यात मी ऐट दाखवायला तिला मैदानावर नेलं आणि म्हटलं, "बघ, एखादं मारून बघ." पुढे काय झालं ते मी सांगणार नाही. ती अजून सांगते.

आमचं मैदान कचेऱ्यांच्या मागे, उघड्यावर. पावसाळा संपला की जमीन ठोकून सपाट करायची, चुन्याने रेषा मारायच्या. जाळं फाटलं की मासे धरायच्या जाळ्याचा तुकडा जोडायचा. जव्हार डोंगरावर, त्यामुळे उन्हं वर आली की दरीतून वारा सुटतो आणि फूल भलतीकडे नेतो. म्हणून खेळ पहाटे उजाडता उजाडता. ती पदर कमरेला खोचून, कॅनव्हासचे बूट घालून यायची. पहिल्या वर्षी लोक कुंपणाशी हसायला उभे राहत. दुसऱ्या वर्षी नुसते उभे राहत. वारा कधी सुटणार हे तिला झाडाच्या शेंड्याकडे न बघताही कळायचं. जोडीच्या खेळात मी मागे धांगडधिंगा घालायचो, ती पुढे उभी राहून तो निस्तरायची. "तुम्ही मारका बैल," ती म्हणायची, "आणि कासरा माझ्या हातात."

तो हात मोडला.

मे महिना होता. सूर्यमाळच्या रस्त्याचं काम चालू होतं आणि शाळेला सुट्टी म्हणून तीही दोन दिवस माझ्याबरोबर आली होती. तिथे उन्हाळ्यात पाण्याचे हाल. पाड्यावरच्या बायका खालच्या झऱ्यावर जाताना तीही हंडा घेऊन निघाली. येताना दगड निसटला. हंडा वाचवायला गेली आणि उजव्या मनगटावर पडली. पाड्यावरच्या एका म्हाताऱ्याने बांबूच्या कामट्या लावून हात इतका छान बांधला की जव्हारला डॉक्टरांनी विचारलं, हे कोणी केलं? पण हाड आतून बरंच फुटलं होतं. प्लास्टर निघालं तेव्हा मनगट जरासं वाकडं होतं आणि बोटं पुरती मिटत नव्हती. डॉक्टर म्हणाले, व्यायाम करा, होईल. सगळेच म्हणत, होईल. ती काही म्हणत नव्हती. मात्र तेव्हापासून तिने तो हात पदराखाली ठेवायला सुरुवात केली. तेल लावू का म्हणून मी एकदा धरायला गेलो, तर तिने तो काढून घेतला. रागाने नाही, पण काढून घेतला. मला ते फार लागलं.

आमच्याकडचा पावसाळा म्हणजे चार महिने सगळ्या वस्तूंना बुरशी. चपला, पुस्तकं, लग्नातला कोट, काही सुटत नाही. म्हणून जे जे जपायचं ते चुलीच्या वर आढ्याला टांगायचं: नाचणीचं बियाणं, सुकी मासळी, टोपल्या, छत्र्या. धूर लागतो, ओल लागत नाही. माझी आई मोखाड्याकडच्या खेड्यातली, तिचा या धुरावर देवाइतका विश्वास. सुनेची रॅकेट कोपऱ्यात पडून आहे, तिच्या लाकडावर पांढरं आलंय, हे तिने पाहिलं. आणि सून तिकडे बघतसुद्धा नाही, हेही पाहिलं. तिने कोणाला न विचारता, लाकूड वाकू नये म्हणून घातलेल्या चार स्क्रूंच्या चौकटीतून ती सोडवून, नीट पुसून, बियाण्याच्या कणसांशेजारी चुलीवर टांगली. अगदी मायेने.

भाद्रपदात मी ती खाली काढली. तिचं भाकरीचं कालथं झालं होतं. लाकूड सुकून पिळलं होतं, गट, म्हणजे जाळीची तात, तांबूस होऊन ताठरलं होतं, बोट लावलं तर तट्कन तुटलं.

"कोरडा राहील म्हणून टांगला मी," आई म्हणाली. "बियाणा राहतंय ना चांगला? मग त्याला काय झाला?"

मी ओरडायला तोंड उघडलं होतं. ही आतून आली, ती काळी रॅकेट हातात घेऊन हुंगली आणि म्हणाली, "आई, हिला बोंबलाचा वास येतोय हो." मग दोघी हसल्या. आई हसता हसता रडायला लागली. माझं ओरडणं राहून गेलं ते राहूनच गेलं.

त्या रात्री मी मनाशी ठरवलं की नवी रॅकेट घ्यायची, आणि ती दसऱ्याच्या आत. आमच्याकडे दसऱ्याला ज्याची त्याची हत्यारं पूजेत मांडतात, कोणाचा कोयता, कोणाची थापी, कोणाचं शिवणयंत्र. आमच्या घरात माझी मोजपट्टी आणि आमच्या दोघांच्या रॅकेट असत. तिची जागा रिकामी राहणं मला सहन होणार नव्हतं. माझ्या डोक्यात एक सिद्धांतही तयार झाला होता. हाताचा काही दोष नाही, दोष वजनाचा आहे. अगदी हलकी, मुठीशी तोल असलेली रॅकेट मिळाली की बोटांना जोर लागणार नाही, आणि मग सगळं पूर्वीसारखं होईल. हे शास्त्र मी तिला इतक्या वेळा समजावलं की शेवटी ती "चला तर," म्हणाली. मला वाटलं, पटलं.

आम्ही पहाटेच्या एसटीने मोखाडा, त्र्यंबक करत नाशिकला गेलो. खेळाच्या सामानाच्या दुकानात मालक मला म्हणाला, "या साहेब, स्वतःसाठी का?" मी म्हटलं, हिच्यासाठी. त्याने लगेच खालच्या फळीवरची, लाल-पिवळ्या मुठीची, बायकांची म्हणून वेगळी ठेवलेली रॅकेट काढली. "वहिनींना अंगणात खेळायला मस्त." हिने ती नुसती बघितली आणि परत केली. मी मग माझा पाठ सुरू केला. अमुक वजन, तमुक तोल, दांडा पोलादी पण लवणारा, गट फार ताणलेलं नको. मालकाने गल्ला सोडून माझ्याकडे लक्ष दिलं. मला बरं वाटलं. एकेक करत काउंटरवर बऱ्याच रॅकेट जमल्या आणि त्यातली सगळ्यांत हलकी, खरोखर पिसासारखी, मी तिच्यापुढे धरली.

"ही घे. फिरव."

तिने पदराखालून उजवा हात काढला. मूठ धरली. पहिल्यांदा खाली, मग बाजूला, मग डोक्यावर नेऊन तिने तिचा तो जुना फटका मारला, ज्यात मनगट शेवटच्या क्षणी वळतं. रॅकेट हातातून सुटली, काचेच्या कपाटाला घासून फरशीवर पडली.

दुकानात आणखी एक-दोन गिऱ्हाइकं होती. त्यांनी वळून बघितलं. मी वाकून ती उचलली आणि म्हणालो, "मूठ जरा जाड करून घेऊ. कापड गुंडाळलं की..."

"अहो," ती म्हणाली, "नाही होणार ते. मला जूनमध्येच कळलंय."

इतक्या शांतपणे म्हणाली की मला एकदम कळलं, हे तिने पावसाळाभर एकटीने पचवलं होतं. आणि मी रोज संध्याकाळी तिच्यासमोर हलक्या रॅकेटचं आख्यान लावत होतो. ती माझं मन मोडायला नको म्हणून एवढ्या लांब आली असणार, असं मला वाटलं. मी मालकाला म्हटलं, "राहू द्या, ठेवून द्या सगळ्या."

"का ठेवून द्या?" ती म्हणाली. "थांबा ना."

तिने पदर पुन्हा खोचला, अगदी मैदानावर खोचायची तसा, आणि डाव्या हाताने काउंटरवरची एक रॅकेट उचलली. ती बोटावर तोलली. ठेवली. दुसरी उचलली. जाळीवर टिचकी मारली, कानाशी धरली. डाव्या हाताचं ते तोलणं अडाणी होतं, रॅकेट दोनदा बोटावरून घसरली. पण ती घाई करत नव्हती. तोंडाशी जड असलेली तिने बाजूला केली. मुठीशी जड असलेलीही केली. अखेर एक साधी, तपकिरी, बरोबर मधोमध तोलाची रॅकेट तिने बराच वेळ हातात धरून ठेवली.

आता मात्र माझ्यातला जाणकार जागा झाला. ज्याला स्वतःचं सांभाळता येत नाही, तो दुसऱ्याला शिकवायला सदा तयार. मी हळूच म्हटलं, "अगं, ही पक्क्या खेळाडूची. ही अजिबात सांभाळून घेत नाही. डाव्या हाताने खेळायचं तर अगदी पहिल्यापासून शिकावं लागेल. नवशिक्याची हलकी घे, पुढे बघू."

ती माझ्याकडे वळली. "नवशिका हात आहे," ती म्हणाली. "मी नाही."

मालकाने त्या रॅकेटला कव्हर घातलं.

परतीच्या एसटीत ती खिडकीशी झोपली, रॅकेट मांडीवर. मी जागा होतो. तिला झोपेत धक्का लागू नये म्हणून त्र्यंबकजवळच्या आंबोली घाटातल्या वळणांवर मी समोरचा दांडा धरून तिच्या बाजूला आडवा बसलो होतो. एवढंच काय ते मला करता येत होतं.

घरी आल्यावर एक अडचण निघाली. मुठीवर चामड्याची पट्टी गुंडाळलेली असते, ती उजव्या हाताच्या हिशेबाने. डाव्या हातात धरली की पट्टीची कड तळव्याला टोचते. ती म्हणाली, चालेल, सवय होईल. पण बाजारात घोड्यांची खोगिरं, टांग्याच्या गाद्या शिवणारे एक चाचा होते, त्यांच्याकडे मी ती नेली. त्यांनी पट्टी पूर्ण उकलली आणि उलट्या बाजूने गुंडाळायला घेतली. "बाईसाहेबांना सांगा," ते म्हणाले, "आमची आई पण डावरी होती. आम्हाला मार डाव्या हाताचाच पडायचा. फार जोर असतो त्यात!" मी घरी जाऊन ते जसंच्या तसं सांगितलं. खूप दिवसांनी ती पोट धरून हसली.

आईचं मात्र जमत नव्हतं. डाव्या हाताने भाकरी वाढलेली, डाव्या हाताने देवाला फूल वाहिलेलं तिला बघवत नसे. बोलायची काही नाही, कारण तिला सुनेचं दुःख कळत होतं. पण तोंड फिरवायची. तिच्या लेखी डावा हात म्हणजे शुभकार्यात न पुढे करायचा हात. दसऱ्याला मी मोजपट्टी मांडली, माझी रॅकेट मांडली, शेजारी हिची नवी. आईने सगळ्यांना हळद-कुंकू लावलं, झेंडू वाहिले. नव्या रॅकेटला तिने दोन फुलं जास्त वाहिली, ते माझ्या नजरेतून सुटलं नाही. संध्याकाळी सोनं द्यायची वेळ आली. हिने नेहमीसारखं वाकून नमस्कार केला आणि आपट्याचं पान घ्यायला उजवा हात पुढे केला, डाव्याने त्याला खालून आधार देऊन. आई पान घेऊन क्षणभर थांबली. मग तिने वरचा हात हलकेच बाजूला सारला आणि पान खालच्या हातात ठेवलं. म्हणाली, "आता ह्याच हाताला सांभाळायला लागंल गं पोरी. ह्यालाच देते सोनं."

ही आईच्या गळ्यात पडली. मी देवापुढचा दिवा सारखा करत राहिलो. तो सारखाच होता.

त्यानंतर मैदान तयार झालं आणि आमचे धडे सुरू झाले. धडे कसले, फजितीच. जी बाई वाऱ्याला हुलकावणी द्यायची, तिची रॅकेट फुलाच्या बाजूने रिकामी फिरायची. पाय बरोबर जागी जायचे, डोळे बरोबर जागी असायचे, आणि हात मागून पाहुण्यासारखा यायचा. कुंपणाशी पुन्हा लोक हसायला उभे राहू लागले. मी तिला अगदी सोपी, उंच, हळुवार फुलं टाकायला लागलो, बरोबर तिच्या रॅकेटवर पडतील अशी. दोन-तीन दिवस तिने ती घेतली. मग एका पहाटे फूल हातात घेऊन ती जाळ्यापाशी आली.

"पूजेची फुलं टाकताय का माझ्यावर?"

"अगं, सवय होईपर्यंत..."

"मला सवय खेळायची हवी आहे. मारा. तुम्हाला दुसरं येतं काय?"

मी मारलं. रागाने मारलं, प्रेमाने मारलं, काय ते मला माहीत नाही, पण सगळ्या जोराने मारलं. ते तिच्या खांद्याला लागून खाली पडलं. "हं," ती म्हणाली, "पुन्हा." थंडी पडली, शेकोट्या पेटल्या, कुंपणाशी हसणारे कंटाळून निघून गेले. आम्ही पुन्हा, पुन्हा करत राहिलो. रॅकेटने तिला कशातही मदत केली नाही, मी म्हणालो होतो तसंच. पण एक गोष्ट माझ्या शास्त्रात नव्हती. मदत न करणारी रॅकेट खोटंही बोलत नाही. फटका चुकला की का चुकला ते हाताला कळतं, आणि तिला तेच हवं होतं.

संक्रांत होऊन गेल्यावर डॉक्टर आणि त्यांची बायको आम्हाला म्हणाले, एक डाव होऊन जाऊ दे. हिने लगेच होकार दिला. मला रात्रभर झोप नाही. आम्ही हरलो, चांगलेच हरलो. पण शेवटाकडे एक फूल आलं. डॉक्टरांनी मागून जोरात मारलेलं, सरळ तिच्या अंगावर. मी मागून ओरडलो, "सोड!" तिने सोडलं नाही. डावं मनगट जागच्या जागी वळलं, शेवटच्या क्षणी, आणि फूल जाळ्यावरून असं अलगद पलीकडे उतरलं की डॉक्टर बघतच राहिले. मला तो फटका ओळखीचा होता. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात त्यानेच माझी ऐट उतरवली होती. तो हातात नव्हताच कधी, तो तिच्यात होता. मी मैदानाच्या मधोमध उभा राहून रडलो, आणि धूळ गेली डोळ्यात म्हणालो. वारा अजून सुटलाही नव्हता.

घरी निघालो तेव्हा चांगलं उजाडलं होतं. दुकानं उघडत होती, खेड्यांतून लाकडाच्या मोळ्या घेऊन आलेल्या बायका रस्त्याच्या कडेला टेकल्या होत्या. त्या काळात आमच्या गावात नवरा-बायको रस्त्याने चालत ते एकापुढे एक, मध्ये दोन बैल मावतील एवढं अंतर ठेवून. आम्हीही तसेच चालायचो. त्या दिवशी ती माझ्या बरोबरीला आली. रॅकेट डाव्या हातात होती. थोडं चालल्यावर तिने पदराखालून उजवा हात काढला आणि माझ्या हातात दिला.

मोडल्यापासून पहिल्यांदाच. हात गरम होता, मनगटाशी जरा वाकडा. तिला माझा हात धरता येत नव्हता, बोटं तेवढी मिटतच नव्हती. धरायचं ते मलाच होतं.

"लोक बघतायत गं," मी म्हणालो.

"बघू देत," ती म्हणाली. "तुम्ही नीट धरा."